घोडेस्वारी कॉलेजात शिकायची? आधी लीद उचला

"ताई, याचं कॉलेज असतं का हो? आणि पोट भरतं का?"

दर वर्षी निकालाच्या आगेमागे हे दोन प्रश्न मला हमखास येतात. मूल दहावी-बारावीत असतं, माथेरानला नाहीतर महालक्ष्मीला घोड्यावर बसलेलं असतं आणि 'आता हेच शिकायचं' म्हणून घरात हटून बसलेलं असतं. कॉलेज असतं. पोटाचं शेवटी सांगते, कारण मधलं सगळं वाचल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही.

माझी स्वतःची गोष्ट आधी. परदेशातल्या एका कॉलेजने व्हिडिओवर मुलाखत घेतली होती. लालबागच्या दोन खोल्यांत आईने मिक्सर बंद ठेवला होता, शेजाऱ्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं होतं. किती उंच उडी मारता, कुठल्या स्पर्धा खेळलात, याची उत्तरं मी घोकून ठेवली होती. समोरच्या बाईंनी विचारलं, "सकाळी तबेल्यात शिरल्यावर घोडा बरा नाही हे तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून कळतं?" मी नाडीचे आकडे सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "नाडी मोजायला तुम्ही आत जाल. आत का गेलात?" मला उत्तर आलं नाही. आमच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसचाचांना झोपेतून उठवून विचारलं असतं तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं: रात्रीचा चारा तसाच आहे, लीद कमी आहे, अंथरलेला भुसा विस्कटलेला आहे, घोडा कोपऱ्याकडे तोंड करून उभा आहे.

त्या वर्षी प्रवेश हुकला. पुढचं वर्ष मी चाचांच्या मागे मागे फिरण्यात घालवलं. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम माहितीपुस्तिकांपेक्षा वेगळा आहे.

पहिली पायरी: सहा महिने जमिनीवर

मुंबईत याला जागा कमी, पण आहेत. महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासूनचं. तिथेच १९४२ साली स्थापन झालेला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, रेसिंगशी संबंध नसलेली घोडेस्वारी शहरात प्रामुख्याने तिथे शिकवली जाते. मुंबईबाहेर पुण्याच्या आसपास बरेच पर्याय आहेत. कुठेही जा, पण पहाटे जा. उन्हं वर येईपर्यंत घोड्यांचं काम उरकलेलं असतं. नऊ वाजता पोचलात तर वरातीमागून घोडं.

धडे घ्याच, पण धड्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास थांबायची परवानगी मागा. बहुतेक जण आधी नको म्हणतील, कारण हौशी पोरं दोन दिवस येतात आणि पायाखाली येतात. तिसऱ्या आठवड्यातही तुम्ही दिसलात की कुणीतरी हातात फावडं देईल. तो तुमचा खरा प्रवेश.

या काळात हाताला वळण लागलं पाहिजे अशा गोष्टी म्हणजे मोरकी घालणं, डाव्या बाजूने घोडा चालवत नेणं, खरारा करणं, खुरातली घाण खुरकणीने टाचेकडून पुढे अशी काढणं, खोगीर ठेवून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळणं. तंग एकदाच आवळून भागत नाही. बरेच घोडे आवळताना पोट फुगवतात, त्यामुळे चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा आणि बसण्याआधी तिसऱ्यांदा बघायचा. मी एकदा तिसऱ्यांदा बघितलं नाही. खोगीर फिरलं आणि मी हळूहळू, अगदी प्रतिष्ठेने, घोड्याच्या पोटाखाली गेले. घोडा सज्जन होता म्हणून उभा राहिला.

लगामातलं कडियाळं, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा धातूचा भाग, नीट बघायलाही इथेच शिका. आपल्याकडे रस्त्यावरच्या आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजून काटेरी कडियाळं सापडतात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनुसार त्याला बंदी आहे. ज्या तबेल्यात ते दिसेल तिथे शिकू नका, फी कितीही कमी असली तरी.

आता वही. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि एकाच घोड्याची रोजची नोंद ठेवा. विश्रांतीत असलेल्या प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याखालच्या धमनीवर बोटं ठेवून मिळते, पहिले आठ दिवस मिळत नाही, नवव्या दिवशी मिळते. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की फिकट झालेला भाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून पोटाची गुरगुर ऐका. शांत पोट ही आनंदाची बातमी नसते. शिवाय लीद किती वेळा आणि कशी, पाणी किती बादल्या, चारा किती उरला. पुस्तकातले आकडे सगळ्यांना मिळतात. 'आपल्या' घोड्याची नाडी रोज ३४ असते आणि आज ४६ आहे, हे फक्त वहीतून कळतं. मी पुढच्या वर्षी मुलाखतीला बसले तेव्हा वहीच कॅमेऱ्यासमोर धरली. उडीबद्दल कुणी विचारलंही नाही.

दुसरी पायरी: रस्ता ठरवा

'घोड्यांचं शिक्षण' म्हणताना लोक चार वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात.

घोड्यावर उपचार करायचे असतील तर पशुवैद्यक. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. बारावीला भौतिक-रसायन-जीवशास्त्र, मग नीट, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. यात गाय, म्हैस, कुत्रा, कोंबडी सगळं शिकावं लागतं, घोडा त्यातला एक. पण ही डिग्री मिळाली की घोड्यांच्या जगातले बहुतेक दरवाजे उघडतात, सैन्याची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरपासून घोड्यांची पैदास करणाऱ्या स्टड फार्मपर्यंत. मार्क आणि चिकाटी दोन्ही असतील तर मी आधी याच रस्त्याकडे बोट दाखवते.

रेसचा जॉकी व्हायचं असेल तर तो वेगळाच संसार. वजन, उंची आणि कोवळं वय यांवर सगळं ठरतं. कॉलेजशी त्याचा संबंध नाही.

तिसरा रस्ता इथेच राहून शिकवायला लागण्याचा. कुठलीही पदवी घ्या, सोबत तबेल्यात सहायक म्हणून काम करा. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धांत खेळा, जमेल तेव्हा स्टुअर्ड किंवा मदतनीस म्हणून उभे राहा. आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफईआयची, तीन स्तरांची प्रशिक्षक-शिक्षण पद्धत आहे, त्यातले कोर्स भारतात कधी होतात यावर लक्ष ठेवा. हा रस्ता स्वस्त आहे, पण इथे तुमचा अभ्यासक्रम तुम्हालाच आखायचा असतो. रोज सकाळी स्वतःचे कान स्वतः पकडणारा माणूस असाल तर हरकत नाही.

चौथा, आणि या लेखाचा मुख्य विषय, म्हणजे अश्वव्यवस्थापन आणि प्रशिक्षणाची पदवी. मुंबईत याचा रुळलेला रस्ता नाही, त्यामुळे बहुतेकांची नजर ब्रिटन-आयर्लंडकडे जाते. ग्लॉस्टरशरमधलं हार्टपुरी, नॉटिंगहॅम ट्रेंट, अ‍ॅबरिस्टविथ, आयर्लंडमधलं लिमरिक ही या विषयातली ओळखीची नावं.

तिसरी पायरी: माहितीपुस्तिका उलट्या बाजूने वाचा

पहिल्या पानावर उडी मारणारा घोडा असतो. ते पान सोडून द्या, विषयांची यादी काढा.

नावात 'सायन्स' असेल तर शरीरक्रिया, पोषण, प्रजनन, आनुवंशिकी आणि ढीगभर संख्याशास्त्र असणार. 'कोचिंग' असेल तर माणूस कसा शिकतो, शरीराची यांत्रिकी, धड्याची आखणी, खेळाचं मानसशास्त्र. 'मॅनेजमेंट' असेल तर तबेल्याचा हिशेब, कुरणाची निगा, नोकर-माणसं, विमा आणि कायदा. फाउंडेशन डिग्री दोन वर्षांची असते, वर एक वर्ष केलं की ऑनर्स मिळते. ज्यांना एकदम तीन वर्षांचा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी ही सोय बरी.

मग कॉलेजला ईमेल करून विचारा: घोडे किती आणि विद्यार्थी किती? तबेल्याची पाळी आठवड्यातून किती दिवस, पहाटे किती वाजता, सुट्टीतही आहे का? स्वारीची चाचणी प्रवेशाआधी की नंतर? स्वाराच्या वजनाची मर्यादा किती? हा शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. बहुतेक ठिकाणी अशी मर्यादा असते, ती घोड्याच्या पाठीसाठी असते आणि तिथे पोचल्यावर कळणं फार महागात पडतं. काही अभ्यासक्रमांत स्वारी ऐच्छिक असते, हेही विचारल्याशिवाय कळत नाही.

पदवीसोबत ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षा देता येतात का, हे मी सगळ्यात वर ठेवेन. ही संस्था १९४७ सालची. तिच्या परीक्षा स्टेज १ पासून चढत जातात आणि निगा, स्वारी, शिकवणं असे त्यांचे वेगळे घटक असतात. नोकरी देणारा तबेला पुष्कळदा डिग्रीच्या आधी हे प्रमाणपत्र बघतो, कारण तिथे परीक्षक तुम्हाला प्रत्यक्ष घोड्याशेजारी उभं करून बघतो.

चौथी पायरी: कागद

पटापट सांगते. ब्रिटनमधल्या पदवीसाठी अर्ज यूकास या एकाच पोर्टलवरून जातो आणि मुख्य मुदत जानेवारीत संपते, म्हणजे बारावीच्या दिवाळीतच लिहायला बसायचं. इंग्रजीची परीक्षा, बारावीचे किंवा अंदाजे गुण, तबेल्यातल्या माणसाचं शिफारसपत्र. हे पत्र पंधरा वर्षं ओळखणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेपेक्षा सहा महिने ओळखणाऱ्या प्रशिक्षकाकडून घ्या. व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. मामाने आदल्या दिवशी पैसे टाकले आणि घोडं तिथेच पेंड खात बसलं, असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

एक गोष्ट मात्र सावकाश वाचा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही आणि त्यात खेळाचा प्रशिक्षकही धरला जातो. स्वतंत्र धंदाही करता येत नाही. म्हणजे 'शिकता शिकता शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकवून खर्च भागवेन' हा आपल्या मुलांचा लाडका हिशेब तिथे चुकतो. अभ्यासक्रमाचा भाग असलेली प्लेसमेंट वेगळी. हॉटेलात बशा विसळता येतील, घोडा शिकवून पैसे घेता येणार नाहीत. कर्ज काढण्याआधी हे घरात सगळ्यांसमोर बोला.

पाचवी पायरी: तिथे शिकाल ते आणि इथून नेलं पाहिजे ते

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ चाऱ्यावर जातो आणि तो जायलाच हवा. घोड्याचं जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, घोडा खात असो वा नसो. म्हणून दिवसभर थोडं थोडं चघळत राहणं ही त्याची गरज. एकूण कोरडा चारा वजनाच्या दीड ते अडीच टक्के, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला रोज साधारण ७ ते ११ किलो, आणि त्यातला बहुतांश गवत-कडब्याचा हवा. आपल्याकडे 'चंदी' म्हटलं की अभिमानाने भरडलेले हरभरे दोन वेळा तोबऱ्यात घालतात आणि मधले आठ तास घोडा भिंत चाटत उभा असतो. त्यातून जठरात व्रण होतात. धान्य एकदम वाढवलं तर पोटशूळ उठतो, खुराच्या आतला थर सुजून घोडा लंगडा होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चूक मागे येत नाही.

हे विज्ञान तिथे उत्तम शिकवतात. पण उदाहरणं थंड देशातली असतात: चिखल, बर्फ, घोड्याला पांघरूण कधी घालायचं. मुंबईचा जून तिथल्या पुस्तकात नाही. इथे काही घोड्यांचा घामच बंद होतो. दमट हवेत हा विकार नेमका अशाच घोड्यांना गाठतो ज्यांच्याकडून आपण काम करून घेत असतो. कातडी कोरडी, नाकपुड्या फुललेल्या, श्वास थांबत नाही. पावसाळ्यात ओल्या भुशावर उभं राहून खुराच्या पुतळीला, म्हणजे तळव्यातल्या मऊ भागाला, कुजका वास येतो, गोमाशा सर्रा हा रक्तातला रोग पसरवतात. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, त्यामुळे नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ द्यावं लागतं. रेसचे घोडे पावसाळ्यात पुण्याला हलवतात, ते उगीच नाही. तुमच्या वहीत एक मुंबईचा पावसाळा असेल तर वर्गात तुम्ही एकटेच असं काही सांगू शकाल जे प्राध्यापकही लिहून घेतील. माझ्या प्रबंधाचा विषय त्याच वहीतून निघाला.

सहावी पायरी: शिकवायला शिकणं

चांगला स्वार चांगला शिक्षक असतोच असं नाही. स्वाराचं शरीर उत्तर देतं, शिक्षकाला शब्द शोधावे लागतात.

नवशिक्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्या. "टाचा खाली, नजर पुढे, कोपर आत, श्वास सोड, लगाम आखूड" असं ओरडणारे पुष्कळ भेटतील. मूल त्यातलं काहीच करत नाही, फक्त ताठ होतं, आणि तो ताठरपणा घोड्याला कळतो. कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत आहे का ते बाजूने बघा. ज्या एका गोष्टीने बाकीच्या तीन सुधारतील ती निवडा, बहुतेक वेळा ती नजर असते.

ठोके तोंडाने मोजून घ्या. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन, कँटर, म्हणजे त्याहून वेगाची धाव, तीन. दुडकीत उठबस करताना बाहेरचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा उठायचं. हे समजावण्यात मी आठवडे घालवले, शेवटी डबेवाल्याच्या चालीने "उचल-ठेव, उचल-ठेव" म्हणायला लावलं आणि एका सकाळी जमलं.

रिंगणातल्या जागा ओळखायला कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतात. लहान रिंगण २० बाय ४० मीटर. अक्षरं लक्षात राहायला इंग्रजी मुलांचं राजाच्या घोड्यांचं वाक्य आहे. आमच्या वर्गात चालतं ते असं: आई काकू एकत्र हसत चहा मागत बसल्या फाटकाशी. सात वर्षांची पोरं दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवतात.

धडा कागदावर लिहायची सवय कॉलेज लावतं, ती सोडू नका. अर्ध्या तासाच्या धड्यात मी फक्त चार ओळी लिहिते: आज एक काय यायला हवं, कुठला घोडा, काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय. तिसऱ्या ओळीत हेल्मेटचा पट्टा, टाच असलेले बूट, रिकिबीतून पाय सुटतो का आणि पलीकडच्या रस्त्यावरची वरात, हे सगळं येतं. लग्नसराईत बँड वाजला की उत्तमोत्तम घोड्यांची अक्कल जाते.

आणि पोट

घोड्यांच्या नोकऱ्या कमी आहेत, सुरुवातीचे पगार थोडे आहेत आणि दिवस पहाटे चारला सुरू होतो. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. महालक्ष्मीच्या जागेचंही बदलतंय, १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं ठरलं आहे. घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद झाल्या. दुसरीकडे १९३२ साली मोडलेलं मुंबई पोलिसांचं अश्वदल २०२० मध्ये पुन्हा उभं राहिलं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, भारतीय संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. त्यानंतर आमच्याकडे लहान मुलांच्या वर्गाला रांग लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शिक्षक म्हणून टिकतात ते बहुतेक दोन पायांवर उभे असतात: सकाळी शिकवणं आणि दिवसा तबेल्याचं व्यवस्थापन, नाहीतर पोषण-सल्ला, नाहीतर शाळेतली नोकरी. पुण्याकडचे स्टड फार्मही जाणती माणसं शोधत असतात. घोड्यापासून कुठवर जाता येतं त्याचं उदाहरण तिथलंच आहे. पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे लस-सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. प्रत्येकाची अशी संस्था होईल असं नाही.

सुरुवात नोव्हेंबरात करा, हवा कोरडी असते. पहिल्या दिवशी पूर्ण लांबीची पँट, बंद आणि छोटी टाच असलेले बूट, केस बांधलेले, अत्तर नको. गाजरं नेऊ नका. विचारल्याशिवाय कुणाच्या घोड्याला काही भरवायचं नसतं, आणि रिकाम्या हाताने गेलात तर फावडं लवकर मिळतं.